रेकॉर्डिंगमधून आपल्या वाद्याचा तुकडा उतरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पेटी शिकवतो आणि सीझनला ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर असतो. सीझन म्हणजे गणपती, नवरात्र आणि मग लग्नं. या धंद्यात दर आठवड्याला कुठलं ना कुठलं गाणं रेकॉर्डिंगवरून उतरवून घ्यावं लागतं. पूर्वी त्यासाठी कॅसेट पुढे-मागे करून टू-इन-वनची बटणं झिजवली, आता लॅपटॉप आहे. शिकवणीला येणारी मुलं आणि त्यांचे पालक मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. उदाहरणं बहुतेक पेटी, तबला, ढोलकी आणि भजनाची आहेत, कारण माझा दिवस त्यांच्यातच जातो.

मिक्स झालेल्या गाण्यातून एकच वाद्य खरंच वेगळं काढता येतं का?

भेळेतले शेंगदाणे वेचता येतात, चिंचेची चटणी वेचता येत नाही. गाण्याचंही तसंच आहे. एखादं वाद्य एका कानात ठेवलेलं असेल, त्याची स्वरपट्टी इतरांपासून लांब असेल, किंवा बाकीचे थांबल्यावर ते वाजत असेल, तर ते बऱ्यापैकी सुटं होतं. पण रेकॉर्डिंगच्या खोलीचा घुमारा, एकाच ओळीवर वाजणारी दोन वाद्यं, गळ्याला चिकटून चालणारी पेटी ही सगळी चटणी. तिची चव कळते, पण ती वाटीत परत येत नाही.

शिकण्यासाठी मात्र शंभर टक्के सुटं व्हायची गरजच नसते. तुम्हाला ‘इथे कोमल गंधार आहे की शुद्ध’ एवढंच कळायला हवं असतं. तेवढ्यासाठी वाद्य जरा पुढे आलं तरी पुरतं.

मूळ रेकॉर्डिंगचे सुटे ट्रॅक कुठे मिळतात?

जुन्या गाण्यांचे बहुतेक वेळा कुठेच मिळत नाहीत, कारण ते कधी नव्हतेच. गायक, व्हायोलिनवाले, ढोलकीवाला सगळे एका वेळी एका स्टुडिओत, आणि जे टेपवर उतरलं ते एकत्रच उतरलं. एखाद्याची सम चुकली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. नव्या गाण्यांचे सुटे ट्रॅक असतात, पण ते कंपनीकडे. बाजारात जे ‘ओरिजनल ट्रॅक’ म्हणून फिरतं ते बहुधा कोणीतरी घरी कीबोर्डवर वाजवलेलं असतं.

मग कराओके ट्रॅकवरून शिकलं तर?

सराव करा, शिकू नका. कराओके बनवणाऱ्यानेही तुमच्यासारखंच कानाने उतरवलेलं असतं आणि त्याला महिन्याला शंभर गाणी द्यायची असतात. त्याच्या चुका तुमच्या हातात बसतील.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी काय करू?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, तरी मी उत्तर देतो.

पहिल्यांदा सा शोधा. पेटी पुढ्यात घ्या, गाणं लावा आणि एकेक पट्टी दाबून पाहा. काळी एक, काळी दोन, पांढरी चार... कुठेतरी पेटी गाण्यात विरघळते. तो सा कागदाच्या वर लिहा. मग ठेका ओळखा आणि हवा असलेला तुकडा किती मात्रांचा आहे ते बोटांवर मोजा. दादरा-केरव्याच्या गाण्यात मधला पीस बहुधा चार किंवा आठ आवर्तनांचा, म्हणजे ठेक्याच्या पूर्ण फेऱ्यांचा, निघतो. मोजून सात आले तर आधी स्वतःवर संशय घ्या.

आणि मग तो तुकडा गाऊन पाहा. वाजवून नाही, गाऊन. तोंडाने ‘ला ला’ केलं तरी चालेल. जिथे गाताना अडखळाल तिथेच तुमच्या कानाला ऐकू आलेलं नाही. त्या जागेवर पेन्सिलने गोल करा. अर्ध्या मिनिटाच्या पीसमध्ये असे दोन-तीनच गोल निघतात, आणि सॉफ्टवेअरचं काम एवढ्या दोन-तीन गोलांपुरतंच आहे. माझे काही विद्यार्थी सगळं गाणं चिरून चार फाइली करतात आणि मग त्या चार फाइली ऐकत बसतात. काम चौपट होतं.

पैसे न खर्चता सगळ्यात सोपा उपाय कोणता?

एका कानाचा हेडफोन काढा. मग दुसऱ्या कानाचा काढा. एवढंच.

स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये वाद्यं डावी-उजवीकडे वाटलेली असतात. बैठकीच्या कित्येक रेकॉर्डिंगमध्ये तबला एका बाजूला आणि पेटी किंवा सारंगी दुसऱ्या बाजूला असते, कारण मंचावर साथीदार तसेच बसलेले असतात. पेटी शिकणाऱ्याला अर्धी लढाई इथेच जिंकता येते. फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू असेल तर मात्र दोन्ही कानांत तेच येईल. ते आधी बंद करा.

गायकाचा आवाज बाजूला करायची जुनी युक्ती कोणती?

गळा जवळपास नेहमी मधोमध ठेवतात, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूला तो तंतोतंत सारखा असतो. एक बाजू उलटी करून दुसरीत मिसळली की जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि कडेची वाद्यं उरतात.

ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात असं करा. फाइल उघडा, ट्रॅकच्या नावापाशी असलेल्या यादीतून ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ निवडा, दोनपैकी एक ट्रॅक सिलेक्ट करून इफेक्टमधला ‘इन्व्हर्ट’ लावा आणि प्ले दाबा. गायक मागे गेला आणि त्याचा फक्त घुमारा राहिला, तर युक्ती लागू पडली. गळ्याबरोबर बेस गिटार आणि ड्रमचा किकही जातो, कारण तेही मध्येच असतात.

आम्ही हे कॉम्प्युटरशिवाय करायचो. हेडफोनची पिन सॉकेटमधून अर्धवट बाहेर ओढायची. एका विशिष्ट जागी पिनची अर्थिंगची जोडणी सुटते, दोन्ही कानांतले स्पीकर एकामागोमाग जोडले जातात आणि डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो. गायक एकदम विहिरीत पडल्यासारखा लांब जायचा आणि मागचं गिटार समोर यायचं. मला त्यामागचं कारण पुष्कळ वर्षांनी कळलं. तोवर मी त्या वॉकमनला खराब समजत होतो आणि तरीही मुद्दाम तोच वापरत होतो.

माझ्या गाण्यावर ही युक्ती केली तर सगळंच गप्प झालं. का?

तुमचं गाणं मोनो आहे. डावं-उजवं एकच असल्यामुळे सगळ्यानेच सगळ्याला खाल्लं. १९६० च्या दशकापर्यंतची बहुतेक हिंदी-मराठी चित्रपटगीतं, नाट्यगीतांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, जुनी भावगीतं, सगळं मोनो. नंतर सीडीवर ‘स्टिरिओ’ लिहून आलेल्या काही जुन्या गाण्यांत मोनोलाच दोन बाजूंना वेगवेगळा रंग फासलेला असतो. त्यात गप्प होत नाही, पण चमत्कारिक खरखर उरते आणि कामाचं काही निघत नाही.

मोनो गाण्यात दिशेचा आधार संपला. उरतात ते दोनच आधार: स्वराची उंची आणि वेळ.

इक्वलायझरने काम भागतं का?

इक्वलायझर म्हणजे आवाजाचा खालचा, मधला, वरचा भाग वेगवेगळा कमी-जास्त करायची सोय. भजनात त्याने फार चांगलं भागतं. टाळांचा खणखणाट बहुतेक वरच्या भागात असतो. साधारण ३,००० हर्ट्‌झच्या वरचं सगळं कापून टाका, पखवाजाचे बोल आणि पेटी एकदम वर येतात. वारकरी भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ माइकजवळ असले की मला हाच एक इलाज माहीत आहे.

पेटी आणि गळा यांच्यात मात्र इक्वलायझर हतबल आहे. मध्य सप्तकातली काळी एक म्हणजे सुमारे २७७ हर्ट्‌झ. पण पेटीच्या सुरात त्याची दुप्पट ५५४, तिप्पट ८३१ आणि पुढची सगळी पटही वाजत असते, त्यावरच तिचा तो झणझणीतपणा आहे. गायक तोच स्वर लावतो तेव्हा त्याचीही तीच पट. दोघं एकाच पायऱ्यांवर उभे. गळा कापायला गेलात की पेटीही कापली जाते.

एआयची कोणती साधनं आहेत?

नावं पुढेमागे बदलतील, आज कामाची आहेत ती सांगतो.

डीझर या फ्रेंच कंपनीने २०१९ मध्ये स्प्लीटर खुलं केलं. ते गाण्याचे दोन, चार किंवा पाच भाग करतं. पाचव्या भागात पियानो. फेसबुकच्या संशोधकांचं डेमक्स त्यानंतर चांगलंच सुधारलं आणि माझ्या कानाला तेच बरं वाटतं. ते चार भाग करतं: गळा, ड्रम, बेस आणि ‘बाकीचं’. गिटार आणि पियानो धरून सहा भाग करणारी आवृत्तीही आहे, पण तिचा पियानो ऐकवत नाही. हे सगळं टाइप करून चालवायची भीती वाटत असेल तर ‘अल्टिमेट व्होकल रिमूव्हर’ घ्या. ते फुकट आहे आणि बटणांवर चालतं. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर पाच मिनिटांच्या गाण्याला सात-आठ मिनिटं लागतील, तेवढ्यात चहा होतो. फोनवर मॉइझेस आहे. त्यात पट्टी बदलणं आणि गती कमी करणं एकाच ठिकाणी मिळतं, म्हणून मुलांना तेच आवडतं.

या तंत्राची ताकद पाहायची तर बीटल्सकडे पाहा. जॉन लेननने घरी पियानोवर गाऊन कॅसेटवर ठेवलेलं एक गाणं, आवाज पियानोत बुडालेला, मागे वायरिंगची घरघर. त्याचा गळा यंत्राने सुटा केला आणि २०२३ मध्ये ते गाणं बाहेर आलं. पण तिथे दोनच गोष्टी होत्या, गळा आणि पियानो. तुमच्या लावणीत ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज, पेटी आणि क्लॅरिनेट एका वेळी आहे.

हे यंत्र ओळखतं तरी कसं?

आवाजाचं चित्र काढून. आडवी बाजू वेळेची, उभी बाजू स्वराच्या उंचीची, आणि जिथे आवाज जोरात तिथे रंग गडद. या चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. हजारो गाणी सुट्या ट्रॅकसकट दाखवून यंत्राला शिकवलेलं असतं की गळ्याचे डाग असे दिसतात, ड्रमचे असे. नवीन गाणं आलं की ते प्रत्येक ठिपक्याला ठरवतं, हा किती गळ्याचा आणि किती इतरांचा. काही यंत्रं चित्राबरोबर थेट लहरीवरही काम करतात.

ग्यानबाची मेख इथे आहे: ते कोणत्या गाण्यांवर शिकलं? या क्षेत्रात मोजमापासाठी सर्रास वापरला जाणारा एमयूएसडीबी १८ नावाचा १५० गाण्यांचा संच आहे. त्यात प्रत्येक गाण्याचे भाग चारच: गळा, ड्रम, बेस, बाकीचं. म्हणजे रॉक-पॉप बँडची बैठक. ही चार खोकी आपल्या संगीतासाठी बनलेलीच नाहीत.

तबला ‘ड्रम’च्या फाइलमध्ये अर्धाच येतो. माझं काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही. तबला हा स्वरात वाजणारा चर्मवाद्याचा प्रकार आहे, आणि यंत्राने शिकलेला ड्रम स्वरात वाजत नाही. पाश्चात्त्य ड्रमच्या कंपनांचे वरचे सूर मूळ सुराच्या सरळ पटीत नसतात, म्हणून तो ‘ठप्प’ वाजतो. तबल्याच्या शाईमुळे ते सरळ पटीत येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये हेच दाखवलं आणि १९३४ मध्ये सविस्तर मांडलं. म्हणून तर दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, सा ला मिळवता येतो.

आता यंत्राच्या बाजूने विचार करा. ‘ना’ची टिचकी त्याला ड्रम वाटते, तिच्यामागची आस, म्हणजे रेंगाळणारा सूर, एखाद्या तंतुवाद्यासारखी वाटते आणि ‘बाकीचं’मध्ये जाते. बायाच्या, म्हणजे डाव्या हाताच्या डग्याच्या, ‘घे’ची मींड (घसरता सूर) खालच्या सुरांत असते, ती थेट बेस गिटारच्या खोक्यात. एका ‘धा’चे तीन तुकडे तीन फाइलींत.

उपाय सोपा आहे. तबला किंवा ढोलकी शिकायची असेल तर चार भाग करूच नका. दोनच करा, गळा आणि गळ्याशिवायचं. दुसऱ्या फाइलमध्ये ठेका अखंड राहतो. गाण्यात बेस गिटार नसेल तर चार भाग करून ड्रम आणि बेस पुन्हा एकत्र केलेलंही चालतं. लग्गीत, म्हणजे ठेक्याच्या जागी येणाऱ्या जलद बोलांत, बायाचं काम ऐकायचं तेव्हा मी असंच करतो.

पेटीची साथ कशी उतरवायची? ती तर गायकाच्या मागेमागेच असते.

हा माझा आवडता प्रश्न, कारण इथे मी स्वतः सगळ्यात जास्त आपटलोय.

साथीची पेटी गायकाचा स्वर ऐकून मग वाजते, म्हणजे क्षणभर मागे असते. ओळ संपून गायक श्वास घेतो, तिथे ती एकटी असते. पहिला नियम: भरण्याच्या जागा आधी उतरवा. तिथे वेगळं काढायची गरजच पडत नाही. त्या पाच-सहा जागांवरून वादकाच्या बोटांची सवय कळते, तो कुठे दोन स्वर जोडतो, कुठे ठोका देतो. ती सवय कळली की गळ्याखाली दडलेल्या जागांचाही अंदाज येतो.

दुसरं, स्पेक्ट्रोग्राम डोळ्यांनी पाहा. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या यादीतून ‘स्पेक्ट्रोग्राम’ निवडलं की झालं. पेटीला मींड काढता येत नाही, त्यामुळे तिच्या रेघा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात, आडव्या आणि सरळ. गळ्याच्या रेघा नागमोडी. ‘रे’वरून ‘ग’वर गायक घसरत जातो तिथे नागमोडी रेघेखाली एक पायरी दिसली तर ती पेटी. सेटिंगमध्ये विंडो (एका वेळी तपासायचा आवाजाचा तुकडा) ४०९६ ठेवा, म्हणजे जवळचे स्वर सुटे दिसतात. तबल्याचे ठोके पाहायचे असतील तर १०२४. दोन्ही एकाच वेळी नीट दिसणार नाहीत. स्वर बारकाईने पाहायचा तर वेळ धूसर होते आणि वेळ पाहायची तर स्वर.

आता माझी फजिती. एका नाट्यगीताची पायपेटीची साथ उतरवत होतो. गळा यंत्राने काढून टाकला, उरलेल्या फाइलमध्ये एका जागी तार सप्तकातला पंचम स्पष्ट ऐकू आला. किती सुरेख जागा, म्हणून मी तो पंचम आठवडाभर घोटला, विद्यार्थ्यालाही दिला. नंतर मूळ रेकॉर्डिंग सावकाश ऐकताना लक्षात आलं की गायक तिथे मध्य सप्तकातला सा धरून उभा आहे. सा ची तिप्पट म्हणजे तार पंचम. यंत्राने गळ्याचा मूळ सूर काढून नेला होता, पण त्याची तिप्पट मागेच राहिली होती. पायपेटीने तो स्वर वाजवलेलाच नव्हता.

तेव्हापासून सुट्या फाइलमध्ये मिळालेला प्रत्येक अनपेक्षित स्वर मी मूळ गाण्यात जाऊन तपासतो. गायकाने स्वर सोडला त्याच क्षणी हाही गायब झाला, तर तो गायकाचाच. पेटीवाल्याने बोट जरा उशिरा उचललेलं असतं.

खर्ज-नर अशा दोन स्वरांच्या पेटीत आणखी एक घोळ आहे. एक पट्टी दाबली तरी दोन सप्तकांतले सूर वाजतात. सुरांची नावं आपोआप लिहून देणारी ॲप इथे हमखास सप्तक चुकतात.

सुटं केलेलं वाद्य पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. बिघाड आहे का?

बिघाड नाही. दोन वाद्यांचा एकच ठिपका यंत्राने कोणाला तरी एकाला दिला, दुसऱ्याच्या आवाजाला तिथे भोक पडलं. अशी भोकं भराभर उघडत-मिटत राहिली की बुडबुड येते. मी सुट्या फाइलच्या खाली मूळ गाणं अगदी हळू आवाजात ठेवतो. भोकं बुजतात आणि हवं ते वाद्य तरीही पुढे राहतं. ऐकायला बरं, आणि खोट्या स्वरांनी फसायची भीतीही कमी.

यूट्यूबवरची फाइल चालेल का?

ऐकायला चालेल, चिरायला ती फार पातळ पडते. लहान करण्यासाठी फाइलमधून जे कानाला फारसं कळत नाही ते काढून टाकलेलं असतं, आणि तुम्ही नेमकं तेच शोधताय. डावं-उजवं वजा करण्याची युक्ती तर अशा फाइलवर लगेच उघडी पडते. शिवाय डाउनलोड करणं त्यांच्या अटींत बसत नाही. सीडी असेल तर सीडीवरून घ्या. सीडी गेली असेल तर विकत मिळणारी चांगल्या दर्जाची फाइल घ्या.

बेस गिटार ऐकूच येत नाही.

फोनवर ऐकताय ना? बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्‌झला वाजते. फोनच्या स्पीकरला तिथे तोंडच नाही. हेडफोन लावा, आणि पट्टी एक सप्तक वर चढवा, गती तीच ठेवून. बेस एकदम गुणगुणता येईल अशा जागी येतो. मी बेसवादक नाही, तरी या एका युक्तीवर मी बेसच्या ओळी लिहून दिल्या आहेत.

गती किती कमी करावी?

पाऊण. फार तर निम्मी. यूट्यूब, व्हीएलसी, ऑडॅसिटी सगळ्यांत सोय आहे आणि आता पट्टी खाली येत नाही. पूर्वी टेप निम्म्या गतीने फिरवली की सगळं एक सप्तक खाली जायचं आणि गायिकेचा गायक व्हायचा. निम्म्याच्या खाली गेलात की ढोलकीची थाप फाटते, एका ठोक्याचे दोन ऐकू येतात. एका मुलाने अशीच पाव गतीवरून लग्गी उतरवली आणि प्रत्येक ठिकाणी एक ‘ट’ जास्त लिहिला. वाजवायला अशक्य होती, पण त्याने महिनाभर प्रयत्न केला, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

माझी पेटी गाण्याशी जुळतच नाही. सा दोन पट्ट्यांच्या मध्येच येतो.

तबकडीवरून किंवा टेपवरून गाणं उतरवताना गती चुकली असेल. ७८ फेऱ्यांची तबकडी ८० ने फिरली तर सूर सुमारे ४४ सेंट चढतो. शंभर सेंटला एक पट्टी, म्हणजे जवळपास बरोबर मध्ये अडकला. आणि सगळ्या जुन्या तबकड्या मुळात ७८ नेच कापलेल्या होत्या असंही नाही. तेव्हा स्वतःच्या पेटीला दोष देऊ नका. ऑडॅसिटीत ‘चेंज स्पीड’ने गाणं जवळच्या पट्टीवर आणा. ‘चेंज पिच’ नको, कारण मूळ चूक गतीचीच आहे.

कोणत्या दिशेला आणायचं? तबल्याच्या लयीवरून कळत नाही. मी गळ्यावरून ठरवतो. गायक लहान मुलासारखा वाटायला लागला तर खाली आणा.

कायद्याचं काय?

मी वकील नाही, पण एवढं वाचलंय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी आणि अभ्यासासाठी उचित वापराला मुभा आहे. घरी बसून स्वतः शिकण्यासाठी गाणं चिरणं आणि ती सुटी फाइल इंटरनेटवर चढवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. पण चाल आणि शब्द यांचा हक्क वेगळा, तो त्यांच्या कर्त्याच्या निधनानंतरही ६० वर्षं चालतो. म्हणून ‘जुनं गाणं आहे, चालतंय’ असं म्हणून फाइली वाटू नका. मी विद्यार्थ्यांना फाइल देत नाही, स्वर लिहून देतो.

एकाच ओळीवर दोन वाद्यं असतील तर?

मग तुम्ही एकच ऐकाल आणि त्याला भलतंच नाव द्याल. एका गाण्याच्या सुरुवातीचा पीस मी बारा वर्षं अकॉर्डियनचा म्हणून वाजवला. गेल्या वर्षी सुटा करून पाहिला तर अकॉर्डियनच्या अंगावर क्लॅरिनेट बसलेलं निघालं, स्वर न स्वर तोच. यंत्राने दोन वाद्यं वेगळी केली नाहीत, करूही शकलं नसतं. पण गळा आणि ढोलकी बाजूला झाल्यावर ओळीच्या शेवटी क्लॅरिनेटवाल्याने श्वास घेतला तो ऐकू आला. भाता श्वास घेत नाही. आता कीबोर्डवर दोन्ही टोन एकत्र लावतो आणि त्याच जागी हात उचलतो.

सगळं करूनही दोन मात्रा ऐकूच येत नाहीत. मग?

त्याच कलाकाराचं त्याच गाण्याचं कार्यक्रमातलं दुसरं रेकॉर्डिंग शोधा. नाही मिळालं तर आधीचा आणि नंतरचा स्वर लिहा आणि बोटं कुठून कुठे जाऊ शकतात ते पाहा. उजव्या हाताला तेवढ्या वेळात जायला दोन किंवा तीनच वाटा असतात. त्यातली वाजवून पाहा, मूळ गाण्याबरोबर. जी खटकत नाही ती ठेवा.

एका पीसमध्ये माझ्या अशा दोन मात्रा आहेत. पंधरा वर्षं त्या जागी मी माझंच काहीतरी वाजवतो. आजवर कोणी हटकलं नाही. एकदा फक्त ढोलकीवाल्याने मान वळवून पाहिलं होतं.